निझव्यातली आगबोट

ये गं, जवळ बस. ओमानहून चार दिवस सुट्टीला इकडे आलेय मी. अशी दारात टेकून काय ऐकतेस? आणि तो फोन पालथा ठेव आधी. इतक्या वर्षांत एकदा आलीस निझव्याला, तीही विमानतळावरून हॉटेल, हॉटेलातून किल्ला आणि किल्ल्यातून परत. काकूच्या हातचा चहा प्यायला वेळ नाही म्हणे. असो. आता मी सांगते ते नीट ऐक, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला भेटायचं ते तरी कळेल.

आमच्या गल्लीत पहाटे गजर लावावा लागत नाही. फजरची नमाज आटोपली की खालून तीन छोटे हॉर्न ऐकू येतात. पीं पीं पीं. ते याकूबभाई सारंग आपली जुनी पांढरी गाडी पार्किंगमधून मागे घेत असतात. आगबोट मागे हटायला लागली की तीन शिट्ट्या द्यायच्या, असा समुद्राचा नियम आहे म्हणे. उजवीकडे वळताना एक शिट्टी, डावीकडे वळताना दोन. आता आमच्या निझव्यापासून समुद्र केवढा लांब! मध्ये डोंगर, वाळू, खजुरीच्या बागा आणि पुन्हा डोंगर. तिथे माणसाला पोहण्याइतकं पाणी पाहायचं तर टाकीचं झाकण उघडावं लागतं. पण याकूबभाईंची आगबोट रोज पहाटे बंदर सोडते.

सगळा बाजार त्यांना कप्तान म्हणतो. ओमानी गिऱ्हाईकं म्हणतात कबतान. पहिल्यांदा कोणीतरी चेष्टेने म्हटलं असेल, पण आता तेच नाव झालंय. दुकान कसलं? तर वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं. एकदा माझं मशीन बंद पडलं तेव्हा ते घरी आले, मशीन आडवं पाडलं, बॅटरी आत घालून बराच वेळ पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "भाभी, हिचा तळ फुटलाय. पन बुडाची नाय. मी हाय."

मी म्हटलं, "अहो कप्तान, ती बुडेल कशी, ती मोरीत आहे!"

"मोरीतच जास्त बुडतात," असं म्हणून ते पाना शोधायला लागले.

तर हे कप्तान जन्मात कुठल्या जहाजावर कामाला नव्हते. घराणं जयगडच्या खाडीवरचं. आजा, बाप, चुलते, थोरले भाऊ, सगळे जहाजावरचे. कोणी सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम, कोणी खलाशी, कोणी इंजिनात कोळसा ओढणारा. हा एकच मुलगा असा, की ज्याला होडीत बसवलं तरी ओकारी यायची. बापाने खूप प्रयत्न केले. लिंबू दिलं, आलं दिलं, मुल्लाकडून फुंकून घेतलं. शेवटी वैतागून म्हणाला, हा कोरड्या जमिनीचा मुलगा आहे, ह्याला कोरड्या मुलखात पाठवा. आणि पाठवला ओमानला, तोही किनाऱ्यावर नाही, निझव्यात. तेव्हा याकूबभाईंना मिसरूड फुटत होती. आता दाढी पांढरी झालीय.

पाठवताना बापाने एक पुस्तक दिलं. भंगारात काढलेल्या जहाजावरून त्याने ते उचललं होतं. जाडजूड, इंग्रजी, चित्रांचं, वरचं पुठ्ठ्याचं पान गेलेलं. मी पाहिलंय ते. अमेरिकेच्या पश्चिमेच्या किनाऱ्याला, आपल्या पणजोबांच्या काळात, लाकडाच्या छोट्या छोट्या आगबोटी चालायच्या. डोलकाठ्या आणि शिडंही असायची, वाफेचं इंजिनही असायचं. डोंगरातून तोडलेलं लाकूड घ्यायला त्या कड्यांच्या अगदी खाली, खडकांच्या मधोमध घुसायच्या. तिथे धड बंदर नाही की धक्का नाही. वरून तारेवर फळ्या सोडायच्या आणि खाली कप्तानाने बोट लाटांवर धरून ठेवायची. त्यात धुकं. असं धुकं की कप्तानाला स्वतःच्या बोटीचं नाक दिसू नये. त्या पुस्तकात ह्या बोटींचे अपघात आहेत. कोण खडकावर चढली, कोण दुसरीवर आपटली, कोणाला आग लागली. याकूबभाईंनी ते डिक्शनरी लावून लावून वाचलंय, आणि इतक्या वेळा वाचलंय की आता ते कप्तान त्यांना चुलतभावांसारखे झालेत.

त्यांची नावं मात्र ते घेत नाहीत. इंग्रजी नावं जिभेवर नीट बसत नाहीत म्हणून असेल, त्यांनी आपल्या पद्धतीने नावं ठेवलीत. एक घाईवाला. मुलीच्या लग्नाला वेळेवर पोचायचं म्हणून खडकाच्या आतल्या बाजूने गेला आणि लग्नाचा केक घेऊन तिथेच राहिला. एक कुत्रेवाला. हा धुक्यात कान लावून बसायचा. किनाऱ्यावरच्या प्रत्येक वस्तीत कुठला कुत्रा कसा भुंकतो हे त्याला पाठ. जाड आवाजाचा आला की उजवीकडे वळायचं, किरट्या आवाजाचा आला की नांगर टाकायचा. एक दिवस जाड आवाजाच्या कुत्र्याचा मालक घर बदलून पुढच्या वस्तीत राहायला गेला. कुत्राही गेला. आणि बोट गेली खडकावर.

ही गोष्ट ते कोणालाही सांगतात. आणि शेवटी हाताचं बोट नाचवत विचारतात, "आता सांगा, चूक कोनाची?"

माणूस हसत म्हणतो, कुत्र्याची.

"नाय. कप्तानाची."

कोणी म्हणतो, मग मालकाची.

"नाय. चूक कप्तानाची. कधीपन कप्तानाची."

हे वाक्य आमच्या निझव्याच्या मराठी मंडळात इतकं रुळलं की कोणाच्या घरी आमटीत मीठ जास्त झालं तरी पुरुष मंडळी म्हणतात, चूक कप्तानाची. आणि बायकोकडे बघतात. मार खायची लक्षणं.

आता ह्यात एक मोठी पंचाईत आहे. कप्तानांना ह्या गोष्टी नेमक्या कधी आठवतात, तर माणूस प्रवासाला निघाला की. कोणी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत नवी नोकरी धरायला निघाला, गाडीत सामान भरतोय, बायकोने दह्याची वाटी पुढे केलीय, आणि कप्तान खिडकीत वाकून सांगतायत, "असाच एक होता. सकाळीच निघाला. हवा साफ. काय नाय. दुपारी बोटीचे दोन तुकडे." ती बाई वाटी परत मागे घेते. मी तर आधीच काळजीची पुडी. आमचे हे इब्र्याला एक दिवस कामाला गेले तरी मी संध्याकाळपर्यंत खिडकी सोडत नाही. म्हणून कोणाचा प्रवास असला की मी कप्तानांना आधी चहाला बोलवायची आणि बोलण्यात गुंतवायची, म्हणजे गाडी सुखाने निघून जाईल. मंडळातल्या बाकीच्यांनी ह्याहून सोपा उपाय काढला होता. त्यांना कळवायचंच नाही.

कळवायचं नाही, बोलवायचं नाही. वाढदिवस असला की म्हणायचे, अहो कप्तान येतील आणि बुडवतील. हसून म्हणायचे, मनात काही नसायचं. माणूस तसा कोणाला नको होता असं नाही. फक्त कोणाच्या यादीत नव्हता. बायको गावाला वारली, ते निझव्यात होते. मुलगी लग्न होऊन डर्बनला. दुकान, नमाज, पुस्तक आणि तीन हॉर्न.

मागच्या खरीफची गोष्ट. खरीफ म्हणजे ओमानच्या दक्षिणेला, सलालाचा पावसाळा. सगळा देश तापून तव्यासारखा झालेला असतो, तेव्हा तिथल्या डोंगरावर भुरभुर पाऊस आणि धुकं. हिरवंगार गवत. आपल्याकडची माणसं ते गवत पाहायला दिवसभर वाळवंटातून गाडी हाणत जातात आणि पोचल्यावर म्हणतात, अगदी कोकणासारखं आहे. मग कोकणात का नाही जात, असं मी विचारायची नाही, कारण मीही त्यातलीच.

मंडळाची सहल ठरली. आमचे अध्यक्ष साठेसाहेब, मोठे इंजिनियर, त्यांनी सगळं नीट आखलं. कप्तानांना सांगितलं नव्हतं. पण आमच्या ह्यांच्या पोटात काही राहतंय का? कप्तानांच्या शेजारच्या सलूनमध्ये दाढी करायला गेले आणि बोलून आले. निघायच्या पहाटे बघते तर सगळ्या गाड्यांच्या मागे पांढरी आगबोट उभी. मागच्या सीटवर पाण्याचे कॅन, दोर, शिट्टी आणि एक नारिंगी लाइफ जॅकेट.

साठेसाहेब म्हणाले, "कप्तान, आपण वाळवंटातून चाललोय."

"हां. म्हनून एकच घेतला," कप्तान म्हणाले.

वाटेत त्यांनी काही त्रास दिला नाही गं. फक्त प्रत्येक पेट्रोलपंपावर उतरून सगळ्यांची मोजणी करायचे. पोरं इंग्रजीत एकमेकांना काहीतरी बोलून खिदळायची. साठेवहिनी म्हणायच्या, "झाली का हजेरी, हेडमास्तर?" ते आपले बोटांवर मोजत राहायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही डोंगरावर गेलो. खाली शहरात ऊन-ढग खेळत होते आणि वर चढता चढता एकाएकी पुढची गाडीच गेली. म्हणजे होती तिथेच, पण दिसेना. कापूस कोंबावा तसं धुकं. साठेसाहेबांनी रस्ता सोडून एका सपाटीवर गाड्या घेतल्या, सगळे जवळजवळ थांबले. धुकं जरा विरळ झालं की दिसायचं, गवत, गाई, एखादा उंट, आणि पुन्हा पडदा. गवताच्या पलीकडे डोंगर संपतो, असं हॉटेलवाल्याने बजावलं होतं. संपतो म्हणजे सरळ खाली. तळाला समुद्र.

कप्तान प्रत्येक खिडकीशी जाऊन सांगत होते, "उतरायचा नाय. गाडी सोडायची नाय. धुक्यात पाय हलला की गेला."

आमचे हे म्हणाले, "कप्तान, इथे समुद्र नाही, गवत आहे. जरा पाय मोकळे करू द्या माणसाला." आणि मला म्हणाले, "ती तांबडी गाय पाहिलीस? अगदी आपली गावची कपिला. आलोच."

मी फ्लास्कचं झाकण उघडत होते. नुसतं हुं म्हटलं. वर पाहिलं तर ना गाय, ना हे.

आधी मी रागावले. मग हाक मारली. मग जोरात मारली. ह्यांचा फोन गाडीतच चार्जिंगला लावलेला. चष्मा धुक्यात आंधळा होणार हे मला माहीत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. आणि पलीकडे डोंगर संपतो. 

सगळे धावले. म्हणजे धावायला निघाले, तर कप्तानांनी शिट्टी फुंकली. "थांबा! एक हरवलाय, दुसरा नको!" साठेसाहेबांनी शहाणपणाने पोलिसांना फोन लावला. पोलिस म्हणाले, येतो, पण धुकं आहे, वेळ लागेल, कोणी गाडीपासून लांब जाऊ नका. मग आमच्या मंडळींनी काय केलं असेल? आपली माणसं ती. मदत करायची म्हणजे सगळ्यांनी एकदम करायची. प्रत्येकाने आपापल्या गाडीत बसून हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एक इकडून, एक तिकडून, एक मागून. कोणी छोटे छोटे, कोणी लांबच लांब. वर बायकांच्या हाका, "काकाऽऽ!" एखाद्या लग्नाची वरात चौकात अडकावी तसा कल्लोळ. आणि मला बापडीला वाटतंय, बरं झालं, ह्यांना ऐकू जाईल.

कप्तान गाडीगाडीला जाऊन काचेवर थापा मारायला लागले. "बंद करा! खलास! बंद!"

साठेसाहेब उखडले. "अहो, जितके हॉर्न तितकं बरं! त्यांना आवाज तर जाऊ दे!"

"आवाज जाईल. दिशा नाय जायाची. इतक्या आगबोटी इतक्या बाजूनी कोकलल्या तर मानूस जाईल कुठं? जाईल तो कड्यावर!"

"तुम्ही मशीन दुरुस्त करा हो, इथे माणूस गेलाय!"

कप्तानांनी खिडकीतून हात घातला आणि साठेसाहेबांच्या गाडीची किल्ली काढून घेतली. मग पुढच्या गाडीची. मग आमची. सगळे आरडाओरडा करतायत, एकाने तर त्यांची कॉलर धरली. ते ओरडून म्हणाले, "भाभी, तुमी सांगा ह्यांना!"

मी काय सांगणार? मला काय कळत होतं? पण त्यांचा चेहरा पाहिला. हसू नाही, बोट नाचवणं नाही. मी म्हटलं, "ऐका त्यांचं."

आणि एकदम शांत झालं. इतकं शांत की गवतावर पडणारं पाणी ऐकू येत होतं. मला ती शांतता सहन होईना. आवाज होता तोवर काहीतरी चाललं होतं.

कप्तानांनी आपल्या आगबोटीचं इंजिन बंद केलं, म्हणजे घरघर नको. दिवे लावले, आणि एक लांब हॉर्न दिला. मग हात वर करून कान दिला. त्यांचे ते अमेरिकेचे कप्तान म्हणे शिट्टी द्यायचे आणि कड्यावरून आवाज किती वेळाने परत येतो त्यावरून कडा किती लांब ते ओळखायचे. कप्तानांनी डोळे मिटले. ओठ हलवत मोजलं. आणि जाहीर केलं, "उजव्या हाताला कडा हाय. जवळच."

साठेसाहेब टॉर्च घेऊन, कमरेला कप्तानांचा दोर बांधून, जपून गेले. थोड्या वेळाने आवाज आला, "कप्तान, तुमच्या कड्याला चाकं आहेत!"

पाण्याचा टँकर होता तो. ड्रायव्हर आत झोपलेला.

सगळे हसले. मीही हसले, आणि हसता हसता जे रडू आलं ते थांबेना. साठेवहिनींनी मला धरून बसवलं. कप्तानांना त्या हसण्याचं काही वाटलं नाही. ते पुन्हा वाजवायचे, थांबायचे, ऐकायचे. पुन्हा एक लांब. पुन्हा थांबायचे. खिडकीतून हात बाहेर काढून फोनचा टॉर्च वर धरलेला. हात भिजून पांढरा पडला होता. मी विचारलं, "कप्तान, येतील ना हो?" जो माणूस प्रत्येकाला बुडवायचा, तो म्हणाला, "येतील. का नाय येनार? भाभी, चहा गरम ठेवा."

किती वेळ गेला मला विचारू नकोस. मला तर एक जन्म गेल्यासारखा वाटला. मी देवाला काय काय कबूल केलं तेही विचारू नकोस, त्यातलं अर्धं अजून फेडायचंय.

मग धुक्यातून आधी आली एक गाय. तांबडी. आणि तिच्या बाजूला, तिच्या पाठीवर हात टेकून, आमचे हे. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाची, चष्मा खिशात.

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "कुठे तडमडला होतात!"

"अगं, सगळीकडून हॉर्न," हे दातावर दात आपटत सांगायला लागले. "एका हॉर्नच्या दिशेने गेलो. पायाखालची जमीन उतरती लागली. एक दगड पायाने सुटला, तो पडल्याचा आवाजच आला नाही. मी तिथेच बसलो. मग सगळं बंद झालं. म्हटलं, गेली वाटतं मंडळी. आणि मग एकच हॉर्न. तो धरून आलो."

पुढे जो गोंधळ झाला तो तू कल्पनेनेच बघ. कोणी ह्यांना मिठी मारतंय, कोणी रागावतंय, कोणी गाईला पोळी देतंय. पोरं रडायला लागली. पोलिसांना कळवलं, मिळाले. कप्तानांनी सगळ्यांच्या किल्ल्या परत केल्या आणि म्हणाले, "यल्ला, निघा. भाईंना थंडी भरलीय. एकामागं एक, हळू. मी शेवटी येतो." साठेवहिनींनी ह्या वेळी स्वतः मोजणी केली. दोनदा केली. "सगळे आहेत," म्हणाल्या. आणि आम्ही निघालो.

खाली मुक्कामावर पोचलो. ह्यांना गरम पाणी दिलं, स्वेटर दिला, आलं घालून चहा केला. सगळे आमच्याच खोलीत जमले. साठेसाहेब टँकरची गोष्ट सांगून हसवत होते, आणि हसू असं येत होतं बघ, जीव वाचल्यावर येतं तसं. हे कप हातात घेऊन सगळ्यांकडे एकेक करून पाहत होते. म्हणाले, "कप्तान कुठायत?"

कोणी म्हणालं, मागून येत होते. कोणी म्हणालं, खोलीत असतील. खाली पाहिलं, पांढरी गाडी नाही. फोन लावला, बंद.

साठेवहिनी म्हणाल्या, "पण मी मोजले हो! सगळे भरले!" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. प्रत्येक घराची माणसं त्यांनी मोजली होती. कप्तान कुठल्या घरात धरायचे? आकडा बरोबरच येत होता. त्यांच्याशिवाय बरोबर येत होता. मीही तोच आकडा ऐकला होता आणि मान डोलावली होती.

साठेसाहेबांनी चहा तसाच ठेवला आणि गाडीची किल्ली उचलली. "इंजिन बंद ठेवून दिवे आणि हॉर्न," ते हळूच म्हणाले. "ती जुनी बॅटरी. गाडी सुरूच झाली नसणार."

हे म्हणाले, मी येतो. मी म्हटलं, तुम्हाला सोडून मी खोलीत बसणार नाही, आज तर नाहीच. आम्ही तिघं पुन्हा वर निघालो. अजून दिवस होता, पण वर गेलो तसा तो पांढराच झाला, ना सकाळ ना संध्याकाळ.  मला एकच दिसत होतं, तो भिजून पांढरा पडलेला हात. सपाटीवर पोचल्यावर साठेसाहेबांनी इंजिन बंद केलं. एक लांब हॉर्न दिला. थांबले. आम्ही ऐकत राहिलो.

काही नाही.

पुन्हा दिला. काही नाही. मग गाडी रांगत पुढे नेली, तर पांढरी आगबोट दिसली. दिवे विझलेली, दार उघडं. आत लाइफ जॅकेट. माणूस नाही.

 हे दार उघडायला लागले, मी त्यांचा स्वेटर मागून धरला. "तुम्ही उतरायचं नाही!" मी ओरडले. मग मीच पुढे वाकले आणि हॉर्नवर हात ठेवला. वाजवला, थांबले. वाजवला, थांबले. माझे कान कधी इतके मोठे झाले नव्हते.

आणि धुक्यातून, कड्याच्या बाजूने नाही, देवाची कृपा, रस्त्याच्या बाजूने, आवाज आला. "हॉऽऽय! हितं! माझ्या आवाजाकडं या! पाय जपून टाका!"

आवाज जवळ आला. आधी शिट्टी दिसली, गळ्यात लटकणारी, मग दाढी, मग कप्तान. चालत, कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक त्या टँकरला बांधलेलं. धापा टाकत ते खिडकीशी आले, आत डोकावले, ह्यांना पाहिलं, मला पाहिलं, आणि काळजीने म्हणाले, "भाभी, आता कोन हरवला? मी हॉर्न ऐकला, लगेच शोधायला निघालो."

मी म्हटलं, "तुम्ही. कप्तान, तुम्ही."

त्यांनी मागे वळून पाहिलं. खरंच पाहिलं गं, जसं मागे आणखी कोणी उभं असावं. मग म्हणाले, "मी? मी तर हितंच होतो, टँकरात."

"मग फोन का नाही केला हो?" साठेसाहेब म्हणाले. "फोन संपला तर त्या टँकरवाल्याकडून करायचा!"

"त्यानं दिला होता," कप्तान म्हणाले. "हातात घेतला. पन लावू कोनाला? तुमी आताच एका मानसाची काळजी करून दमलेले."

ह्यांनी दार उघडलं आणि सरकून जागा केली. कप्तान बसले. कपड्यांतून पाणी ठिबकत होतं. मी फ्लास्कमधला चहा ओतून दिला, तर कप धरवेना, ह्यांनी खालून हात लावला. सगळा डोंगर उतरेपर्यंत त्या माणसाने एकाही कप्तानाची गोष्ट सांगितली नाही. नुसता बसून होता, आमच्या शेजारी दाटीने, आणि मधूनच म्हणत होता, "माझ्यासाठी वाजवत होतात काय. मना वाटला दुसऱ्या कोनासाठी."

तर असं आहे. म्हणून म्हणते, नुसतं येते येते म्हणून फोन ठेवू नकोस. थंडीच्या दिवसांत ये, तिकडची हवा तेव्हा छान असते. मस्कतहून निघालीस की आधी आमच्याकडे, हॉटेलाचं नाव काढायचं नाही. आता आमच्याकडे रोज जेवायला तीन पानं असतात, चौथं तुझं राहील. कप्तान तुला विचारतील, कुठल्या रस्त्याने आलीस, वाटेत धुकं होतं का, आणि मग सुरू होतील. होऊ दे. घड्याळाकडे बघू नकोस. ये मात्र लवकर, ते आत्तापासून विचारतायत की ती पोरगी कधी यायचीय.